दार बदलण्याआधी

(वार्षिक सर्वसाधारण सभेच्या आदल्या संध्याकाळी, मंडळाच्या सभागृहात झालेल्या भाषणाचा मजकूर)



या सभागृहात आजवर ज्ञानेश्वरीवर व्याख्यानं झाली, मराठी नाटकावर झाली, इतिहासावर झाली. दारावर व्याख्यान बहुधा पहिलंच असेल. चिटणीसकाकांनी विचारलं तेव्हा आम्हीही हसलो होतो. पण ते म्हणाले, "उद्या सभेत हात वर करायचे आहेत. कशासाठी करतोय ते लोकांना आधी कळू दे." ते पटलं. बोलणारा एकच असला तरी आम्ही "आम्ही" म्हणतोय, कारण पुढे जी चूक सांगणार आहोत ती दोघांची आहे, आणि त्यातून आलेलं शहाणपणही दोघांचं आहे.

विषय तुम्हाला ठाऊक आहे. सभागृहाला एसी बसवायचं ठरलं आहे. त्याबरोबर समोरचं जुनं सागवानी दार काढून तिथे ॲल्युमिनियमचं, आजच्या घरांना असतं तसं, वीज वाचवणारं दार बसवावं, अशी सूचना आली आहे. काम निघालं तर दरपत्रकं मागवली जातील आणि त्यात आमच्या वर्कशॉपचंही असेल. तेव्हा आमचा स्वार्थ कुठे आहे ते सुरुवातीलाच उघड केलेलं बरं. आमचं पोट ॲल्युमिनियमच्या दारांवरच चालतं.

आमच्या घरात दार हा तीन पिढ्यांचा धंदा. आजोबा सुतार. लष्करातल्या वाड्यांची दारं त्यांनी दुरुस्त केली, काही नवीही केली. वडिलांच्या वेळी वाडे पाडून फ्लॅट व्हायला लागले आणि सागाऐवजी प्लायवूडची फ्लश दारं आली. आम्ही ॲल्युमिनियमकडे वळलो. कारणं सरळ होती. त्याला वाळवी लागत नाही. पावसाळ्यात ते लाकडासारखं फुगत नाही. लोखंडासारखं गंजत नाही, आणि वजनाला लोखंडाच्या जवळजवळ एक तृतीयांश. दर दोन वर्षांनी तेलपाणी नको, पॉलिश नको. आजही ही कारणं आम्ही गिऱ्हाइकाला छातीठोकपणे सांगतो. "याने वीज वाचते" हे सांगायला मात्र आम्हाला बरीच वर्षं लागली, आणि ते आता आम्ही अटी घालूनच सांगतो. त्या अटी का, ते एका दारामुळे कळलं.

काही वर्षांपूर्वी नव्या वस्तीत राहणाऱ्या एका मावशींनी आमच्याकडून पुढचं दार करून घेतलं. मावशी एकट्या राहतात, मुलगा परगावी. घराचं तोंड पश्चिमेला. तेव्हा काळ्या रंगाची दारं फार चालत होती, म्हणून आम्ही काळं पावडर कोटिंग सुचवलं. सेक्शन साधेच, मधे पोकळ. जानेवारीतल्या गारठ्यात दार बसवलं. थंडीत वारा येऊ नये म्हणून वरची फट अगदी कमी, दोनच मिलीमीटर ठेवली आणि काम किती नेटकं झालं म्हणून आम्हीच खूश झालो.

मे महिन्यात एका दुपारी मावशी बँकेतून परतल्या. आपल्याकडची मेची दुपार कशी असते हे या सभागृहात सांगायला नको. त्यांनी हँडलला हात लावला आणि चटका बसला. पदराने धरून किल्ली फिरवली, कुलूप उघडलं, पण दार हलेना. ते वर चौकटीत आवळून बसलं होतं. शेजारी कुणी घरात नव्हतं. आम्हाला फोन आला आणि आम्ही पोहोचेपर्यंत पाऊण तास मावशी पायरीवर, पिशवी डोक्यावर धरून, लूमध्ये बसून होत्या. आम्ही पोहोचलो तेव्हा त्यांना नीट बोलवतही नव्हतं. शेजारच्या गल्लीतल्या डॉक्टरांनी मीठ-साखरेचं पाणी दिलं, ओल्या चादरीत गुंडाळलं, आणि संध्याकाळपर्यंत त्या सावरल्या. "दार छान दिसतं रे," एवढंच त्या दुसऱ्या दिवशी म्हणाल्या. त्यांनी चार शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

आता हे झालं कसं? ॲल्युमिनियम तापलं की वाढतं. एक मीटर लांबीला एक अंश तापमानवाढीमागे ते सुमारे तेवीस हजारांश मिलीमीटर वाढतं. आकडा क्षुल्लक वाटतो. पण दार सव्वादोन मीटरच्या आतबाहेर उंच असतं, २.१ मीटर धरा. जानेवारीतली सकाळ आठ-दहा अंशांची, आणि मेमध्ये पश्चिमेच्या उन्हात काळा धातू साठ-पासष्ट अंशांना जातो. म्हणजे पंचावन्न अंशांचा फरक. हिशोब केला तर दार अडीच मिलीमीटरांहून जास्त वाढतं. चौकट भिंतीत बसलेली असते, ती तेवढी तापत नाही. आम्ही जागा ठेवली होती दोन मिलीमीटर. पुढचं तुम्ही पाहिलंच.

चटक्याचं कारण वेगळं. उन्हात सागाचं दारही तापतं, पण त्याला हात लावला तर पोळत नाही, कारण लाकूड आपली उष्णता हाताला सावकाश देतं. धातू ती एका क्षणात देऊन टाकतो. उष्णता वाहून नेण्याच्या बाबतीत दारा-खिडक्यांचं ॲल्युमिनियम लाकडाच्या जवळजवळ हजारपट पुढे आहे. लाकडाचा आकडा ०.१५ च्या आसपास, ॲल्युमिनियमचा १६०, कधी २०० पर्यंत. म्हणून तर आपण स्वयंपाकघरात ॲल्युमिनियमचं पातेलं वापरतो आणि ढवळायला लाकडी उलथणं घेतो. पश्चिमेच्या भिंतीत साधं ॲल्युमिनियमचं दार बसवणं म्हणजे घराला पातेलं लावण्यासारखं आहे. बाहेरच्या बाजूला जाळ लागला की आत कढ आलाच.

मग ॲल्युमिनियमच्या दाराने वीज वाचते असं जे म्हणतात, ते खोटं का? खोटं नाही, पण अर्धं आहे. वीज वाचवणाऱ्या दारात ॲल्युमिनियम बाहेरून आत सलग जातच नाही. बाहेरचा सेक्शन वेगळा, आतला वेगळा, आणि दोघांना जोडायला मधे धातू नसतो. तिथे काचतंतू मिसळलेल्या पॉलिअमाइडच्या, म्हणजे एका तऱ्हेच्या नायलॉनच्या पट्ट्या असतात. सेक्शनच्या खाचेत त्या सरकवतात आणि रोलरने दाबून पक्क्या करतात. याला आमच्या धंद्यात थर्मल ब्रेक म्हणतात. उष्णतेची वाट तिथे तुटते, कारण पॉलिअमाइडमधून ती ॲल्युमिनियमच्या मानाने पाचशे पटींनी कमी वाहते. दाराच्या फळीतही दोन पत्र्यांच्या मधे पॉलियुरेथेनचा फोम भरलेला असतो, फ्रिजच्या दारात असतो तसाच. तेव्हा गारवा राखण्याचं सगळं काम मधलं प्लास्टिक आणि फोम करतात. ॲल्युमिनियम ताकद देतं आणि टिकतं. ज्या दारात मधली तूट नाही, ते कितीही चकचकीत असलं तरी वीज वाचवत नाही.

आता आकड्यांकडे येऊ, कारण उद्या हात वर करायचे ते आकडे पाहून. दारातून किती उष्णता जाते ते यू-मूल्याने मोजतात. एक चौरस मीटर दार, आत-बाहेर एक अंशाचा फरक, अशा वेळी किती वॅट उष्णता पार होते, तो हा आकडा. जितका कमी तितकं बरं. साधं ॲल्युमिनियम आणि एकेरी काच असलेल्या दाराचा आकडा सहाच्या आसपास. पस्तीस मिलीमीटर जाडीच्या भरीव सागवानी दाराचा अडीचच्या आसपास. थर्मल ब्रेक आणि फोम असलेल्या चांगल्या ॲल्युमिनियम दाराचा दीड, आणि थंड देशांसाठी केलेल्या दारांचा एकच्याही खाली. जर्मनीत पॅसिव्ह हाउस नावाची अतिशय कमी ऊर्जेची घरं बांधतात, पहिलं डार्मश्टाट शहरात १९९१ साली राहायला तयार झालं. अशा घरांच्या दाराकडून ०.८ ची अपेक्षा असते.

समजा बाहेर ४४ अंश आहेत, आत एसीने २६ ठेवले आहेत. फरक अठरा अंश. दार एक मीटर रुंद, २.१ मीटर उंच. साध्या ॲल्युमिनियम-काचेच्या दारातून आत येतील सुमारे २२७ वॅट, म्हणजे जुने साठ वॅटचे चार बल्ब खोलीत पेटते ठेवल्यासारखं. सागाच्या दारातून येतील ९५. थर्मल ब्रेकच्या दारातून ५७. हा हिशोब सावलीतल्या दाराचा. ऊन थेट पडत असेल तर प्रत्येक आकडा दुपटीच्या पुढे जाऊ शकतो.

आता यातून वीज किती? साधं ॲल्युमिनियम काढून थर्मल ब्रेकचं बसवलं तर १७० वॅट उष्णता कमी आली. ती बाहेर काढायला एसीला साधारण पन्नास वॅट वीज लागली असती. रोज आठ तास, वर्षाचे १२० दिवस धरले तर जास्तीत जास्त ४८ युनिट वाचतात. आणि सागाचं काढून थर्मल ब्रेकचं बसवलं तर? त्याच हिशोबाने वर्षाला दहा-अकरा युनिट. दहा-अकरा युनिटांचे रुपये किती होतात ते तुमच्या घरचं वीजबिल काढून पाहा, आणि मग दाराची किंमत विचारा. दोन वर्षांत दार स्वतःचे पैसे भरून काढतं असं कुणी सांगितलं, आम्ही सांगितलं तरी, विश्वास ठेवू नका.

आणखी एक हिशोब आहे, तो दुकानात कुणी सांगत नाही. ॲल्युमिनियम खनिजातून काढायला प्रचंड वीज लागते. नुसत्या विद्युत-विघटनाच्या पायरीवर एका किलोमागे चौदा-पंधरा युनिट. एका दारात पंचवीस किलो धरलं तर जवळपास पावणेचारशे युनिट दार बनण्याआधीच खर्च झालेले असतात. भंगारातून पुन्हा वितळवलेलं ॲल्युमिनियम असेल तर याच्या सुमारे पाच टक्केच ऊर्जा लागते. म्हणून जुनी ॲल्युमिनियमची दारं भंगारात नीट द्या, ती पुन्हा दारच होतात. आणि जे दार चांगलं आहे, ते निव्वळ वीज वाचावी म्हणून काढू नका.

मग घर तापतं, एसीचं बिल येतं, ते कुठून? बऱ्याच घरांत दाराच्या फळीपेक्षा दाराच्या फटी जास्त नुकसान करतात. आम्ही कुठल्याही घरी गेलो की आधी टेप काढून फटी मोजतो. खाली एक सेंटिमीटर फट, दोन्ही बाजूंना आणि वर तीन-तीन मिलीमीटर. फार वाईट दार नाही हे, चार घरांत असतं तसंच. पण बेरीज करा. २५६ चौरस सेंटिमीटर होतात. म्हणजे सोळा बाय सोळा सेंटिमीटरचं भोक. भिंतीत एवढं भोक असतं तर आपण गवंड्याला बोलावलं असतं. दाराभोवती पसरलेलं असल्यामुळे ते दिसत नाही. त्यातून मेमध्ये लू आणि धूळ येते, जानेवारीत गार वारा येतो.

यावरचा उपाय दारापेक्षा कितीतरी स्वस्त आहे. चौकटीच्या खाचेत रबरी पट्टी, तिला आम्ही गॅस्केट म्हणतो. दाराच्या खालच्या कडेला ब्रशची पट्टी, किंवा दार लावलं की आपोआप खाली उतरणारी पट्टी. पट्टी बरोबर बसली का, हे पाहायला मिस्त्री लागत नाही. वर्तमानपत्राच्या कागदाची एक पट्टी दारात धरून दार लावा आणि कागद ओढा. सहज सुटला तर तिथे रबर टेकत नाही. रात्री बाहेरचा दिवा लावून आत अंधार करा. जिथून प्रकाश दिसतो, तिथूनच लू येते.

इथे उंबरठ्याविषयी बोलायला हवं. फ्लॅट आले आणि उंबरठे गेले. आपल्या बायका आजही दाराशी रांगोळी काढतात, हळदकुंकू वाहतात, पण ते फरशीवर, कारण उंबरठाच नाही. उंबरठा धूळ, पाणी आणि वारा अडवत होता. आता तो उंच हवा असं आम्ही म्हणत नाही, कारण म्हातारी माणसं अडखळून पडतात. पंधरा-वीस मिलीमीटरचा, उतरत्या कडेचा उंबरठा पुरतो. चाकाची खुर्चीही त्यावरून जाते, आणि दाराच्या पट्टीला टेकायला जागा मिळते.

मात्र सगळ्या फटी बुजवण्याआधी दोन गोष्टी लक्षात ठेवा. यात चूक झाली तर ती दाराच्या चटक्याहून महाग पडेल.

पहिली गोष्ट कूलरची. आपल्याकडे अजून कितीतरी घरं कूलरवर चालतात. कूलर बाहेरची हवा ओली करून आत ढकलतो. ती हवा दुसरीकडून बाहेर जायला हवी. दारं-खिडक्या घट्ट बंद केल्या तर खोली गार होण्याऐवजी चिकट होते. कूलरच्या घराला हवाबंद दार काही उपयोगाचं नाही. तिथे जाळीचं दार आणि समोरासमोर उघडी खिडकी हवी. एसी असेल तिथेच हवाबंद दाराला अर्थ आहे.

दुसरी गोष्ट सिगडीची. डिसेंबर-जानेवारीत काही घरांत रात्री कोळशाची सिगडी खोलीत ठेवतात. जुन्या दारांच्या फटींनी आजवर आपल्याला वाचवलं आहे. फटी बुजवलेल्या खोलीत सिगडी म्हणजे कार्बन मोनॉक्साइड. त्याला वास नाही, रंग नाही, आणि झोपलेलं माणूस जागं होत नाही. नवं घट्ट दार बसवायला गेलो की आम्ही घरच्या मोठ्यांना हे सांगितल्याशिवाय पैसे घेत नाही. ज्या घरात घट्ट दार, त्या घरात सिगडी नाही.

जुन्या लोकांना हे सगळं वेगळ्या वाटेने कळलं होतं. १८१० च्या सुमारास दौलतराव शिंद्यांची छावणी इथे पडली आणि त्यातून लष्कर वसलं. मराठी माणसं इथल्या ऊन-थंडीत राहायला शिकली. वाड्याचं दार आठवा. मोठा दरवाजा आणि त्यात छोटी दिंडी, म्हणजे येण्याजाण्यासाठी सगळा दरवाजा उघडावा लागत नसे. आत देवडी, मग चौक, मग ओसरी. बाहेरची लू एकदम माजघरात शिरत नसे, तिला वाटेत दोन ठिकाणी थांबावं लागे. दार जाड भिंतीत हातभर आत बसवलेलं, म्हणून भिंतीचीच सावली त्यावर पडे. यातलं बरंचसं आजच्या घरातही करता येतं. दार भिंतीच्या बाहेरच्या कडेला न बसवता आत सरकवून बसवा. वर छज्जा घ्या. जागा असेल तर आत आणखी एक हलकं दार घ्या. ऊर्जा कार्यक्षमता ब्युरोने डिसेंबर २०१८ मध्ये घरांसाठी इको-निवास संहिता आणली, तीही घराचा सगळा कोश मिळून पाहते. भिंती, खिडक्या, दारं यांतून येणाऱ्या उष्णतेची मर्यादा एकत्र मोजली जाते, छताची वेगळी. नुसत्या दाराने घर गार होत नाही, हेच त्याचं सार.

मावशींची गोष्ट अर्धी राहिली. त्याच संध्याकाळी आम्ही दाराची वरची कड घासून मोकळी केली आणि दुसऱ्या दिवशी बाहेर बांबूची चिक टांगली. नवं दार यायला तीन आठवडे लागले. हलका बदामी रंग, थर्मल ब्रेक, फोमची फळी, धातूऐवजी लाकडी मुठीचं हँडल, भिंतीत आत सरकवलेलं, वर छज्जा. खर्च आमचा, तो सांगण्यासारखा नाही, कारण चूक आमची होती. आता मेमध्ये दुपारी चार वाजता त्या दाराला आतून हात लावला तर कोमटही लागत नाही. पण खरं सांगायचं तर त्या तीन आठवड्यांत, चिक टांगल्यावर, मावशी म्हणाल्या होत्या, "अरे, एवढ्यानेच भागतंय की! मग दार कशाला बदलता?" त्यांचं फारसं चुकत नव्हतं. उन्हातल्या दाराला सावली दिली की निम्मं काम होतं.

ज्यांना घरचं दार खरोखर बदलायचं आहे, नवं घर बांधायचं आहे, त्यांनी दुकानात पाच गोष्टी विचाराव्यात. एक, सेक्शनचा कापलेला तुकडा हातात घेऊन पाहावा. आतला आणि बाहेरचा धातू कुठेही एकमेकांना टेकता कामा नये. मधली पट्टी पॉलिअमाइडची आहे का ते विचारावं. पीव्हीसीची असेल तर ती उन्हात ॲल्युमिनियमपेक्षा फार जास्त वाढते आणि पुढे सैल होते. दोन, फळीच्या आत काय आहे? फोम की नुसती हवा? तीन, यू-मूल्य सगळ्या दाराचं मिळून लेखी द्या म्हणावं. काही जण नुसत्या काचेचा आकडा दाखवतात. चार, गॅस्केट चारही बाजूंनी आहे का, की तीनच? खालची बाजूच बहुतेक वेळा सुटते. पाच, रंग फिका घ्यावा आणि वाढीसाठी फट किती ठेवणार ते विचारावं. आम्ही जानेवारीत बसवलेल्या दाराला आता वर चार मिलीमीटर ठेवतो आणि ती फट रबराने झाकतो.

दार बसवताना चौकट आणि भिंत यांमधली जागा फोमने भरून घ्या, नाहीतर दार चांगलं आणि वारा बाजूने, असं होतं. प्लास्टर पूर्ण होईपर्यंत ॲल्युमिनियमवरची प्लास्टिकची पातळ फिल्म काढू नका. ओला चुना आणि सिमेंट ॲल्युमिनियमला खातात आणि तो डाग परत निघत नाही. आणि आपल्या घरांसाठी खास सूचना: तोरणासाठी चौकटीत खिळा किंवा आरपार स्क्रू मारू नका. बाहेरून आत गेलेला एक लोखंडी स्क्रू तुटलेली वाट पुन्हा जोडून देतो. तोरणाचे हूक वरच्या भिंतीत बसवा. गणपतीची पाटीही तिथेच लावा.

गणपतीवरून आता सभागृहाच्या दारावर येतो.

आम्ही परवा दोघांनी ते दार मोजलं. सागवान भरीव आहे, चाळीस मिलीमीटरच्या पुढे. वाळवी नाही. दाराचं तोंड उत्तरेला, वर सज्जा, म्हणजे उन्हाळ्याच्या दुपारीही त्यावर थेट ऊन नाही. दोष दोन आहेत. फळ्या थोड्या ओढल्यामुळे मधल्या सांध्यात बोटभर फट पडली आहे, आणि खालची कड झिजली आहे. दोन्ही दुरुस्त होतात. मधल्या सांध्याला लाकडी पट्टी आणि रबर, चौकटीला गॅस्केट, खाली ब्रश, बिजागऱ्या नव्या. हे काम आमच्यापेक्षा चांगला सुतार चांगलं करील, आणि नव्या दाराच्या मानाने खर्च किरकोळ होईल. हे दार काढून ॲल्युमिनियमचं बसवलं तर वर्षाला वीज किती वाचेल, तो आकडा मघाशी सांगितला. हे दार दुप्पट रुंद आहे म्हणून दुप्पट धरा. तरी वीस-बावीस युनिट.

ॲल्युमिनियमचं दार हवं आहे ते दुसरीकडे. मागच्या बाजूला, महाप्रसादाच्या स्वयंपाकघराचं पत्र्याचं दार पश्चिमेच्या उन्हात आहे, खालून गंजलं आहे, आणि गणेशोत्सवात तिथे शेगड्या पेटतात तेव्हा आपल्या वहिनी-काकू कशा उभ्या असतात ते त्यांनाच विचारा. तिथे फिक्या रंगाचं, थर्मल ब्रेकचं दार बसवा, बाहेर छज्जा काढा, आणि शेगड्यांसाठी वर एक्झॉस्ट फॅन आणि समोर जाळीची खिडकी ठेवा. त्या दाराचं दरपत्रक आम्ही देऊ, आणखीही तीन ठिकाणांहून मागवा. ज्याचं रास्त असेल त्याला काम द्या. आम्हाला नाही मिळालं तरी बसवताना येऊन पाहू.

समोरच्या दाराबद्दल शेवटचं सांगतो. त्याच्या चौकटीवर जी गणेशपट्टी आहे, ती आमच्या आजोबांनी एकदा दुरुस्त केली होती, डाव्या बाजूची वेल त्यांनी नव्याने कोरली. म्हणून आमचा जीव त्यात आहे, हे खरं. ते बाजूला ठेवलं तरी एक गोष्ट उरते. दरवर्षी गणपती येतो तेव्हा दोन्ही फळ्या उघडतात. दोन्ही बाजूंनी धरणारी माणसं मूर्तीसकट आत येतात, उंबरठ्याशी भाकरतुकडा ओवाळला जातो, आणणाऱ्याच्या पायांवर पाणी घातलं जातं. एक मीटर रुंदीच्या एकेरी दारातून हे होणार नाही. दरपत्रकात हा प्रश्न कुठेच लिहिलेला नव्हता, म्हणून इथे सांगितला.

उद्या काय ठरवायचं ते तुम्ही ठरवा. घरी गेल्यावर मात्र आज रात्रीच एक काम करा. बाहेरचा दिवा लावा, आतला बंद करा, आणि आपलं दार एकदा बघा.

गणपती बाप्पा मोरया!